तीन नद्यांचं गाव

“काकू कुठंय?”

आईनं हे विचारलं तेव्हा मी भिंतीकडे बोट दाखवून भाषण ठोकत होते. पासाऊच्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत. कुठल्या साली डॅन्यूबचं पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी साल. “म्हणजे बाबा, त्या वर्षी तुम्ही इथं उभे असता ना, तर तुमच्या डोक्यावर अजून एक बाबा उभे केले असते तरी तेही बुडाले असते!”

“ऋजुता, काकू कुठंय?”

मी वळले. मागं कारंजं होतं. फोटो काढणारे दोन म्हातारे होते. काकू जिथं उभी होती तिथं एक कबुतर होतं.

“इथंच असेल गं,” मी म्हटलं. “फोन कर तिला.”

आणि म्हणता म्हणताच मला आठवलं. काकूकडे चालणारा फोन नव्हता. तिला इथलं सिम घेऊन द्यायचं की नाही, हे मीच ठरवलं होतं. “चौघं एकत्रच तर असणार. कार्ड कशाला हवंय?” हे माझे शब्द होते.

“पासपोर्ट तरी आहे ना त्यांच्याजवळ?” बाबांनी विचारलं.

मी माझ्या पाठपिशवीतली निळी फाइल वर केली. चौघांचे पासपोर्ट, गाडीचं तिकीट, हॉस्टेलची पावती. हरवायला नको म्हणून सगळं मी एकाच ठिकाणी ठेवलं होतं.

बाबांचा चेहरा उतरला. पासाऊ ऑस्ट्रियाच्या सीमेवरच आहे. तिथं रस्त्यात पोलीस कागद विचारतात, आणि ते विचारल्यावर काय बोलायचं हे काकूला येत नव्हतं. तिला ‘डांके’, म्हणजे ‘आभार’, एवढा एकच जर्मन शब्द यायचा, आणि तोही ती बसच्या दाराला म्हणायची.

तो सगळा बेत माझा होता. तेव्हा मी नववीत होते. आम्ही म्यूनिकला आलो त्यानंतर पहिलं दीड वर्ष मी वर्गात मुकी बसायचे. त्या वसंतात मात्र माझं तोंड एकदम सुटलं, आणि सुटलं ते मिटेचना! बेकरीतल्या बाईशी बोल, ट्रॅममध्ये भांड, आईबाबांची पत्रं वाचून दाखव. बाबांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं आणि आईचं जर्मन बेकरीच्या पुढं जात नव्हतं, त्यामुळं घरात माझा भाव भलताच वधारला होता.

त्यात मे महिन्यात वाईहून रेवतीकाकू आली. माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आता ती चालवत होती. बाबांच्या कंपनीनं तेव्हा सगळ्यांचे तास कमी केले होते. पगारही त्याच मापानं. मोठी सहल शक्यच नव्हती.

“वहिनी एवढ्या लांबून आल्यात आणि आपण त्यांना काय दाखवायचं, पार्किंग?” बाबा म्हणाले.

“मी आखते,” मी म्हटलं. “दोन दिवस, एक जुनं शहर, आणि खर्च इतका कमी की तुम्ही मला मिठी माराल!”

आणि आखलं. साध्या गाडीचं सगळ्यांना मिळून एकच तिकीट. बंकबेडचं हॉस्टेल. तिथं स्वयंपाकघर होतं, म्हणजे खिचडी. पहिल्या दिवशी घरून थालीपीठं. सेलमधून काकूला चालायचे बूट. तिच्या मापात फक्त जांभळे उरले होते, म्हणून जांभळे. शहरं मी तीन निवडली होती आणि तिन्हींची माहिती काकूला वाचून दाखवली होती. किल्ला, राजवाडा, चॉकलेटचं म्युझियम. काकू भाजी निवडत ऐकत होती. जी बाई चहात साखर कमी पडली तरी मागत नाही, ती एकदम म्हणाली, “ते तीन नद्यांचं गाव घे.”

“पासाऊ? तिथं चॉकलेट नाहीये हं काकू.”

“नसू दे. तिथंच जाऊ.”

निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या पिशव्या उचलून पाहिल्या. माणशी एकच पिशवी, असा माझा नियम होता. काकूची जड लागली. उघडते तर कपड्यांत गुंडाळलेला नारळ!

“काकू! नारळ कशाला?”

“असू दे गं. तुमच्या त्या आशियाई दुकानात मिळाला.”

“चटणीला? हॉस्टेलमध्ये मिक्सर नाहीये!”

“बरं,” ती म्हणाली आणि पिशवीची चेन लावून टाकली.

शनिवारी पोचल्या पोचल्या तिनं विचारलं, “ऋजू, नद्या एक होतात ते कुठं?”

“ते उद्या. आधी नगरपालिका, मग चर्च, मग संगम. कार्यक्रमात लिहिलंय.”

तिनं मान हलवली. म्हणजे तिला पटलं, असं मला वाटलं.

तर रविवारी सकाळी त्या भिंतीपाशी आम्ही तिघं उभे होतो आणि काकू नव्हती.

“मी हॉस्टेलकडे बघतो,” बाबा म्हणाले आणि पळालेच. आई माझा हात धरून नदीकाठानं निघाली.

“कुणी काही विचारलं तर ती घाबरेल गं,” आई म्हणत होती. “ती बोलतच नाही. इथं येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी दहा वाक्यं धड बोलली नाही.”

“माझ्याशी तर खूप बोलते.”

“तुझ्याशी बोलते,” आई म्हणाली.

काठाला पांढऱ्या बोटी लागल्या होत्या. मी दिसेल त्याला विचारत सुटले. साडी नेसलेली बाई? जांभळे बूट? आइस्क्रीमवाल्यानं हात वर करून पुढं दाखवलं, गावाच्या टोकाकडे. संगमाकडे. मी नाचायचीच बाकी होते, पण तेवढ्यात मागून पोलिसांची गाडी आली. भोंगा नव्हता, नुसता निळा दिवा. तिच्यामागं दुसरी. दोन्ही आम्हाला ओलांडून त्याच दिशेनं गेल्या.

आई चालता चालता पळायला लागली.

गावाचं टोक म्हणजे एक हिरवळ आहे, त्रिकोणी, आणि शेवटी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. तिथवर जाताच आलं नाही. एक तरणा पोलीस झाडाला लाल-पांढरी फीत बांधत होता आणि लोकांना मागं रेटत होता. बाबागाड्या, सायकली, कुत्री, सगळं उलटं फिरत होतं.

“काय झालंय?” मी एका बाईला विचारलं.

“पायरीवर कुणीतरी गाठोडं ठेवलंय. ठेवून निघून गेली म्हणे.”

गेली. म्हणजे बाई.

मी टाचा उंचावून पाहिलं. शेवटच्या पायरीवर, पाण्यापासून वीतभर अंतरावर, हिरवं काहीतरी होतं. काठाला लाल पट्टी असलेलं हिरवं कापड, मधे गोल फुगलेलं आणि वर गाठ. आणि फितीच्या आत, एका बाकापाशी, काकू. पिवळी साडी, त्यावर आईचा जुना कोट. जांभळे बूट तिनं हातात धरले होते. पाय अनवाणी. तिच्यासमोर घट्ट वेणी घातलेली एक पोलीसबाई काहीतरी विचारत होती आणि काकू नुसती मान हलवत होती. कधी हो, कधी नाही. कशाला हो आणि कशाला नाही, ते तिलाच माहीत.

“काकू!” मी ओरडले.

आईनं माझा दंड पकडला. ती काकूकडे बघतच नव्हती. त्या हिरव्या कापडाकडे बघत होती.

“तो खण आहे,” ती म्हणाली.

“हो ना! आणि आत नारळ आहे, मी बघितलाय! थांब, मी सांगते त्यांना.”

“ऋजू, ऐक.” आई इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं. “डबा आहे म्हणून सांग. जेवणाचा डबा, चुकून विसरली. बाकी काही बोलू नकोस.”

“पण तो डबा नाहीये.”

“तो काय आहे ते कळतंय मला!”

तिच्या आवाजात भीती होती. पण ती पोलिसांची नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं.

मी फितीखालून वाकून आत शिरले.

“मागं हो!” तरणा पोलीस गरजला. जर्मन माणूस गरजला की आजही मी वर्गातली ती मुकी मुलगी होते. शब्द आठवेना. एकही!

मग काकूनं माझ्याकडे पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक ओरडलं की बघायची तशी. शांत, आणि आत कुठंतरी दार लावून घेतल्यासारखी.

“ती माझी काकू आहे,” मी म्हटलं. आणि मग मोठ्यानं, “तिला तुमचं काहीही कळत नाहीये! तिचा पासपोर्ट माझ्याकडे आहे!”

पोलीसबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. तिनं फाइल घेतली, पासपोर्ट पाहिला, काकूकडे पाहिलं.

“तुला हिची भाषा येते?”

“माझीच भाषा आहे ती.”

“मग विचार. त्या गाठोड्यात काय आहे? सगळं सांगायचं. काहीही गाळायचं नाही.”

आई आता फितीपाशी आली होती. फितीच्या पलीकडे, पण हाताच्या अंतरावर. तिनं माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. नको.

“काकू, काय काय आहे त्यात?”

“नारळ,” काकू म्हणाली. “तांदूळ. सुपारी, हळकुंड. हळदीकुंकवाच्या पुड्या. आणि खण. एवढंच गं.”

नारळ आणि तांदूळ सोपे होते. सुपारीला मी ‘एक कडक बी’ म्हटलं. हळदीकुंकवाशी येऊन अडकले.

“आणि पावडर आहे,” मी म्हटलं. “दोन पुड्या. एक पिवळी, एक लाल.”

पोलीसबाईचा हात खांद्यावरच्या वायरलेसकडे गेला. “कसली पावडर?”

“नाही नाही! कपाळाला लावायची!” मी माझ्या कपाळावर बोट टेकवलं, मग आईच्या टिकलीकडे दाखवलं. “हे! असं! बायका लावतात!”

तिनं आईच्या कपाळाकडे पाहिलं. मग काकूच्या. काकूच्या कपाळावर काहीच नव्हतं. ती थोडा वेळ तिथंच बघत राहिली आणि मग वायरलेसवर भराभर काहीतरी बोलली. मला फक्त ‘कुत्रा’ कळलं.

“आता हे विचार,” ती म्हणाली. “ठेवून का पळाली? एका बाईनं पाहिलंय. गाठोडं पायरीवर ठेवलं आणि एकदाही मागं न बघता झपाझप निघाली, या बाकापाशी आम्ही तिला अडवलं. वस्तू विसरणारा माणूस असा चालत नाही.”

मी काकूला विचारलं.

काकूनं पाण्याकडे पाहिलं. समोर तीन नद्या येऊन मिळत होत्या. एक तपकिरी, एक दुधाळ हिरवी, एक काळी, आणि मिळूनही लांबपर्यंत आपापला रंग धरून चाललेल्या. आदल्या रात्री मी हे सगळं हॉस्टेलच्या पत्रकातून वाचून दाखवलं होतं. तेव्हा कुणाचं लक्षच नव्हतं.

“नदीची ओटी भरायची होती,” काकू म्हणाली. “पाण्याशी गेले. पण सोडवेना. म्हटलं, आपण कशी सोडायची? मग पायरीवर ठेवली. तिला हवी असेल तर तीच घेईल.”

“मग थांबायचं ना बघायला!”

“नसती घेतली तर?”

“का नाही घेणार?”

काकूनं हातातले बूट एकावर एक नीट ठेवून पुन्हा धरले.

“मागच्या वर्षी तुम्ही आलात ना, कृष्णाबाईच्या उत्सवाला. मी घरून ताट करून आणलं होतं. खण मीच शिवला होता काठाला पट्टी लावून. पायरीवर पोचले तर तुझ्या आईनं ताट हातातून काढून घेतलं. चारचौघांत बरं दिसत नाही, वहिनी, म्हणाली. तुम्ही आता चपलांपाशी बसा.” तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही. “बसले. हा तोच खण. तिनं दुसरा वापरला होता.”

मला चपला आठवल्या. घाटावर मी कणीस खात होते आणि काकू चपलांच्या ढिगापाशी बसली होती. तिला गर्दी आवडत नसेल असं समजून मी माझ्याही चपला तिच्यापुढं काढून पळाले होते.

“काय म्हणते ती?” पोलीसबाईनं विचारलं.

मी आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलले नसते.

“ही नदीला दिलेली भेट आहे,” मी म्हटलं. “आमच्याकडे नवरा वारलेल्या बाईनं ती द्यायची नसते. म्हणून तिनं पायरीवर ठेवली. नदीला चालतंय का, ते तिला कळायला हवं होतं. पण बघायची हिंमत झाली नाही, म्हणून ती निघून गेली.”

पोलीसबाईनं पासपोर्ट मिटला. मग तिनं भुवया जवळ आणून अगदी साधं वाक्य विचारलं. पहिल्या धड्यात असतं तेवढं साधं.

“द्यायची नसते, असं कोण म्हणतं?”

मी तोंड उघडलं. “आमच्याकडे सगळेच—”

“इश,” आई म्हणाली.

इश म्हणजे मी.

बेकरीबाहेर आईनं उच्चारलेला तो पहिला जर्मन शब्द असेल. फीत दोन्ही मुठींत धरून ती उभी होती. काकूला जर्मन येत नव्हतं, तरी ती आईकडे वळून बघत राहिली.

तेवढ्यात कुत्रा आला. मोठा, काळा, गंभीर, आणि त्याच्यामागं जाड जाकीट घातलेला त्याचा माणूस. कुत्रा पायऱ्या उतरला. गाठोड्याभोवती एकदा फिरला, पुन्हा फिरला. मी काकूचा कोट घट्ट धरला होता. मला माहीत होतं आत नारळ आहे. पण कुत्र्याला माहीत नव्हतं. समजा त्याला हळद आवडली नाही तर? समजा स्फोटकं सापडल्यासारखा तो खाली बसला तर?

कुत्रा शिंकला. दोनदा. मग शेपटी हलवत धन्याकडे पाहायला लागला.

फितीपलीकडे कुणीतरी हसलं. त्या माणसानं वाकून गाठ सोडली, आत पाहिलं आणि नारळ शेंडीला धरून उंच दाखवला.

“बरं,” पोलीसबाई म्हणाली. तिनंही श्वास सोडला. तिनं जाऊन तो खण चारी टोकांनी धरून वर आणला आणि फितीपाशी जी पहिली उभी होती तिच्या हातात दिला. ती आई होती.

“नारळ पाण्यात नाही टाकायचा. बोटी असतात,” तिनं मला बजावलं. “तांदूळ चालतील. आणि तिला सांग, पुढच्या वेळी ठेवलं की तिथंच थांबायचं.”

मी सांगितलं. काकू आधी हसली नाही. मग हसली.

आई खण घेऊन फितीखालून आत आली. काकूसमोर उभी राहिली.

“घ्या, वहिनी.”

“आता तूच सोड, मेघना. तुझ्या हातात आलीच आहे.”

“तुमची आहे.” आईचा आवाज चिरकला. “मी... तेव्हा मला वाटलं, लोक तुम्हाला काहीबाही बोलतील. म्हणून—”

“लोक नव्हते बोलले काही,” काकू म्हणाली.

आईचे हात पुढं आलेले तसेच राहिले.

काकूनं खण घ्यायला हात उचलले, पण हातात बूट होते. ती इकडंतिकडं बघायला लागली, कुठं ठेवावेत म्हणून.

“द्या इकडं,” आई म्हणाली. “मी सांभाळते.”

तिनं जांभळे बूट घेतले आणि छातीशी धरले.

काकू अनवाणी पायऱ्या उतरली. नारळ तिनं खणात बांधून वरच्या पायरीवर ठेवला आणि तांदूळ ओंजळीत घेऊन खाली गेली. वाकली. पण पाण्यात सोडले नाहीत. शेवटच्या पायरीवर ठेवले, होते तिथंच, आणि त्यावर चिमूटभर हळद आणि कुंकू.

“काकू, सोड की पाण्यात!” मी वरून ओरडले.

“नाही. तिला हवे असतील तर घेईल.” पण या वेळी ती जागची हलली नाही.

“आता कशाची वाट बघतेय?” पोलीसबाई फीत गुंडाळत माझ्या शेजारी आली होती.

“नदी घेते का ते बघतेय.”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग वर धक्क्याकडे, जिथं बोटी लागल्या होत्या.

“ऑस्ट्रियात लिंझला जाणारी बोट सुटायची वेळ झालीय,” ती म्हणाली. “मोठी आहे.” आणि फितीचं भेंडोळं हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

बाबा धापा टाकत आले. “सापडल्या? पोलीस का आलेत? झालंय काय?” आईनं बूट धरलेल्या हातानंच त्यांना गप्प राहायची खूण केली.

बोट आली. पांढरी, तीन मजली, वरून लोक हात हलवत होते. ती टोकापुढून गेली आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग पहिली लाट आली, पायरीच्या कडेला लागून परत गेली. दुसरीनं पायरी ओली केली. तांदळाची एक बाजू हलली आणि पिवळा ओघळ लागला.

काकू तशीच वाकलेली. आई श्वास धरून.

तिसरी लाट पायरी ओलांडून काकूच्या घोट्यांवर चढली. पाणी उतरलं तेव्हा दगड धुतल्यासारखा लख्ख होता.

काकूनं मागं वळून पाहिलं. साडी पोटरीपर्यंत भिजली होती.

“घेतली गं, मेघना!” ती ओरडली. काकूला ओरडता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आई पायऱ्यांच्या वर उभी होती, दोन्ही हातांनी ते बूट घट्ट धरून.